मोहरी फेसताना

निफाडचा पारा पेपराच्या पहिल्या पानावर आला की आमच्या पंचवटीतल्या स्वयंपाकघरात दोन गोष्टी ठरलेल्या असतात. इडलीचं पीठ रात्री जुन्या शालीत गुंडाळायचं आणि विरजण लावलेलं भांडं गव्हाच्या डब्यात मानेपर्यंत पुरायचं. गेल्या मार्गशीर्षात त्यात तिसरी गोष्ट आली. लेक सुट्टीला येणार होती आणि तिला दालचिनीचा पाव हवा होता. मैदा, यीस्ट, कोमट दूध, साखर, लोणी असं सगळं घेतलं आणि दोन मोठे चमचे दालचिनीची ताजी पूड मैद्यातच मिसळून टाकली. मळताना घरभर जो वास सुटला त्याने मी फार खूश होते.

सकाळी गोळा जसा ठेवला तसाच होता. थंडी म्हणावी तर गॅसच्या शेगडीशेजारी, उबेला ठेवलेला. यीस्ट जुनं म्हणावं तर त्याच पाकिटातलं दोन दिवसांपूर्वी वापरलं होतं, तेव्हा लादीपाव असा फुगला होता की झाकण उचललं गेलं. मी गोळा परत मळला, उन्हात नेऊन ठेवला. दुपारपर्यंत जेमतेम बोटभर वर आला.

सासूबाई खुर्चीत बसून मटार सोलत होत्या. त्यांनी हाक मारून परात जवळ मागितली, गोळ्यात बोट दाबलं, बोटाचा वास घेतला.

"अगं, दालचिनी आतच कालवलीस होय? दूध विरजताना आपण कधी लवंग टाकतो का त्यात?"

एवढं बोलून त्या परत मटारांकडे वळल्या. त्यांनी आयुष्यात पाव भाजलेला नाही. यीस्ट हा शब्दही त्या "ते पावाचं औषध" असा म्हणतात. पण त्यांच्या त्या एका वाक्याने मी महिनाभर हैराण झाले. कारण मी बी.एस्सी.ला सूक्ष्मजीवशास्त्र घेतलेली बाई, आणि हा प्रश्न मला तीस वर्षांत एकदाही पडला नव्हता.

कॉलेजातला एक प्रयोग मला अजून जसाच्या तसा आठवतो. काचेच्या बशीत आगर, म्हणजे जंतू वाढवायची जेली, ओतायचं, त्यावर जंतूंचा पातळ थर पसरायचा आणि मध्ये लवंगेच्या तेलात बुडवलेली टिकलीएवढी कागदाची चकती ठेवायची. दुसऱ्या दिवशी बशीभर पांढुरकी साय आलेली असायची आणि चकतीभोवती मात्र लख्ख वर्तुळ. पहिल्यांदा ते वर्तुळ पाहिलं तेव्हा मला आजीचा दाढदुखीचा लवंगेचा बोळा आठवला आणि ऊर भरून आला. फूटपट्टीने व्यास मोजला, वहीत लिहिलं: लवंग जंतुनाशक. तास संपला.

त्या बशीत आम्ही रोग करणारे जंतू लावायचो. दह्यातले जंतू लावून पाहावं असं कुणालाच वाटलं नाही, मलाही नाही. लवंगेच्या तेलातलं युजेनॉल किंवा ओव्याच्या तेलातलं थायमॉल जंतूच्या अंगावरच्या पातळ आवरणात शिरतं. ते आवरण स्निग्ध असतं, म्हणून तेलाला तिथे सहज वाट मिळते. आवरण गळकं होतं, आतलं बाहेर झिरपायला लागतं आणि पेशी दमून मरते. यात चांगला जंतू, वाईट जंतू असं काही नाही. तेलाला नावं कळत नाहीत. मग रोजच्या जेवणात लसूण, आलं, हिंग, मोहरी, दालचिनी, ओवा घालणारे आपण त्याच ताटात दही, ताक, इडली, आंबील वाढतो तेव्हा नेमकं काय घडतं? आणि पोटात?

मी शोधायला लागले, आणि पहिलं उत्तर पुस्तकात न मिळता कैरीच्या लोणच्यात मिळालं.

आमच्याकडे लोणच्याची मोहरी फेसतात. आता बहुतेक घरांतून मोहरीची डाळ विकतची येते, ती तेलात कालवली की काम झालं. आमच्या घरात मात्र निम्मं लोणचं फेसलेल्या मोहरीचं होतं, कारण सासूबाईंना तेच लोणचं वाटतं. दगडी खलात वाटीभर मोहरी घ्यायची. कोरडी असताना तिला वास म्हणून नसतो. नाक खलात घातलं तरी काही कळत नाही. ती थोडी कुटायची, चमचाभर गार पाणी घालायचं आणि बत्ता एकाच दिशेने गरगर फिरवत राहायचं. आधी काळ्या सालांचा चिखल दिसतो. मग पिवळा रंग वर येतो, मग तो फिकट होत जातो, बत्त्याला जडपणा येतो, कडेने बारीक फेस धरतो. आणि मग एकदम, जणू कुणी दार उघडावं तसं, ती नाकात चढते. डोळ्यांतून पाणी, कपाळात झिणझिण्या. सासूबाईंचा एकच दंडक: पाणी गार हवं. "गरम पाण्यात मोहरी चढत नाही," हे मी लग्न झाल्यापासून ऐकत आले.

कारण असं आहे. मोहरीच्या दाण्यात सिनिग्रिन नावाचं द्रव्य असतं आणि मायरोसिनेज नावाचं एक विकर, म्हणजे एन्झाइम, असतं. दोघं एकाच दाण्यात राहतात, पण वेगवेगळ्या खोल्यांत. दाणा फुटला, पाणी लागलं की भिंती पडतात, दोघांची गाठ पडते आणि अलिल आयसोथायोसायनेट तयार होतं. नाकात जातं ते हेच. बुरशीला, जंतूंना नको असतं तेही हेच. किडा दाणा चावायला आला तर त्याच्या तोंडात भडका उडावा म्हणून झाडाने केलेली ही सोय. पाणी कढत असलं की विकर मरतं, मग सिनिग्रिन नुसतंच पडून राहतं. म्हणजे सासूबाईंचं गार पाणी.

आणि आता फोडणी आठवून पाहा. तेल कडकडीत तापतं, मोहरी तडतडते, वास खमंग येतो, पण डोळ्यांत पाणी येत नाही. तेलाच्या तापात विकर क्षणात गेलं, गाठ पडायच्या आतच. तीच मोहरी, त्याच डब्यातली. खलात फेसली तर हत्यार, कढईत तडतडली तर सुगंध. मला हे उमगलं तेव्हा मी खल हातात धरून बराच वेळ तशीच बसून राहिले होते. मोहरी जंतू मारते का, या प्रश्नाला उत्तरच नाही. मोहरीचं तुम्ही काय केलंत, हे आधी सांगावं लागतं.

लसणाचंही तेच. अख्ख्या पाकळीत ऍलिसिन नसतं. चेस्टर कॅव्हॅलिटो आणि जॉन बेली या दोघा रसायनशास्त्रज्ञांनी १९४४ मध्ये अमेरिकेत ते पहिल्यांदा वेगळं काढलं. पाकळी ठेचली की ऍलिन हे द्रव्य आणि ऍलिनेज हे विकर एकत्र येतात आणि काही सेकंदांत ऍलिसिन होतं. तो झणझणीत वास त्याचाच. पण ते फार टिकत नाही, आणि उष्णता तर त्याला अजिबात सोसत नाही. खलबत्त्यातला हिरव्या मिरचीचा कच्चा ठेचा आणि वरणावरची लाल झालेली लसणाची फोडणी यांना आपण एकच नाव देतो, लसूण. जंतूंच्या दृष्टीने ही दोन वेगळी पिकं आहेत.

एवढं कळल्यावर स्वस्थ बसवेना. एका रविवारी रात्री मी सहा वाट्या मांडल्या. प्रत्येकीत १०० मिलिलिटर म्हशीचं कोमट दूध, प्रत्येकीत एकाच भांड्यातलं छोटा चमचाभर विरजण. पहिली नुसती. दुसरीत पाव चमचा हळद, तिसरीत चिमूटभर लवंगेची पूड, चौथीत पाव चमचा दालचिनी, पाचवीत ओवा कुटून, सहावीत ठेचलेल्या लसणाच्या दोन मोठ्या पाकळ्या. सगळ्या वाट्या गव्हात पुरल्या. लेक तेव्हा घरी होती. तिने वाट्यांवर चिकटपट्टीने नावं लावली आणि रात्री दोनदा उठून बघून आली.

सकाळी नुसतं आणि हळदीचं दही सारखंच लागलेलं, सुरीने वडी पडावी असं. लवंग आणि ओव्याची वाटीही लागली होती, चव तेवढी औषधी. दालचिनीची वाटी तास-दीड तास मागे राहिली, पण लागली. लसणाची सकाळी पाणीच होती. दुपारी बारापर्यंत तीही लागली, सैल, पण लागली. मला खरं तर किमान तीन वाट्या फसतील असं वाटलं होतं.

दुसऱ्या रात्री आणखी एक वाटी लावली. त्यात मेडिकलमधून आणलेल्या, दाढेला लावायच्या लवंगेच्या तेलाचे दहा थेंब घातले. ते दूध दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत दूधच राहिलं.

या दोन रात्रींच्या मधल्या फरकात सगळं आलं असं मला वाटतं. लवंगेच्या वजनात तेल असतं साधारण १५ ते २० टक्के. चिमूटभर पुडीत ते किती असणार, आणि त्यातलंही बरंचसं पुडीच्या कणांतच अडकलेलं. शिवाय दूध म्हणजे आगर नाही. दुधातलं लोणी आणि प्रथिनं या तेलांना धरून ठेवतात, जंतूपर्यंत पोचू देत नाहीत. म्हणून बशीत जे तेल दोन थेंबांत वर्तुळ पाडतं, तेच अन्नात घालायचं तर कितीतरी पट घालावं लागतं, इतकं की ते खाववणार नाही. माझी पावाची कणीक फसली कारण मी दालचिनी भसाभस घातली होती आणि यीस्ट दालचिनीतल्या सिनॅमाल्डिहाइडपुढे हळवं पडतं. दह्यातले जंतू त्या मानाने चिवट. आंबवणारे हे लॅक्टिक जंतू मसाल्यांतल्या तेलांना एरवीच्या बऱ्याच जंतूंपेक्षा कमी दाद देतात. उत्तरेकडे गाजराच्या कांजीत कुटलेली मोहरी घालतात, कोरियात किमचीत ढीगभर लसूण घालतात, आणि दोन्ही आंबतात. तिथे मोहरी-लसूण आंबवणाऱ्यांना थांबवत नाहीत, नको त्यांना थोडं मागे रेटतात, आणि तेवढ्या अवधीत लॅक्टिक जंतू आम्ल करून जागा धरून बसतात.

यातली मला सगळ्यात भावलेली गोष्ट अजून पुढेच आहे. आंबवलेल्या मांसाची सॉसेजं करणाऱ्यांच्या लक्षात आलं होतं की मसाला घातला की आम्ल लवकर धरतं. उलट व्हायला हवं होतं ना? अमेरिकेच्या कृषी खात्याच्या प्रयोगशाळेत लॉरा झायका आणि जॉन किसिंजर यांनी याचा पाठपुरावा केला आणि १९८४ मध्ये त्यांनी कारण मांडलं: मँगेनीज. मिरी, लवंग, वेलदोडा यांत हे खनिज भरपूर असतं, आणि आंबवणाऱ्या लॅक्टोबॅसिलसना ते हवंच असतं. प्राणवायूच्या माऱ्यापासून वाचायला इतर जीव जे विकर वापरतात ते यांच्यातल्या कित्येकांकडे नसतं. ते त्याऐवजी पोटात मँगेनीज साठवून ठेवतात. म्हणजे जी लवंग तेलाने मारते तीच लवंग आपल्या मातीतून आलेल्या खनिजाने पोसते. कमी घातली तर पोसणं वरचढ ठरतं, फार घातली तर मारणं. एकाच कळीत दोन्ही, शेजारी शेजारी. कॉलेजच्या त्या वहीत ‘जंतुनाशक’ या शब्दापुढे मी पूर्णविराम दिला होता, तो मला आता खटकतो.

इडलीच्या पिठात आपण मेथ्या घालतो, हेही मग वेगळंच दिसायला लागलं. इडलीचं पीठ फुगवणारा मुख्य जंतू ल्युकोनोस्टॉक मेसेंटेरॉइडिस, हे १९६५ मध्ये दाखवून दिलं गेलं. तो कुठून बाहेरून आणावा लागत नाही, उडदाच्या डाळीसोबतच येतो. मेथ्या भिजल्या की बुळबुळीत होतात, त्या बुळबुळीत वायू अडकून राहतो आणि पीठ जाळीदार होतं. मसाल्याच्या डब्यातले इतके जिन्नस हाताशी असताना पिठात भिजायला टाकायला बायकांनी नेमका हाच एक उचलला. लवंग उचलली नाही, दालचिनी नाही, मोहरी नाही. मोहरी येते ती इडली झाल्यावर, चटणीवर, फोडणीतून. कढीचा क्रम बघा: दही आधी लागून, घुसळून, ताक झालेलं असतं, आलं, लसूण, कढीलिंबाची फोडणी त्यावर शेवटी. मठ्ठ्यात आलं-मिरची वाटून लावतात ती ताक झाल्यावर. सांडग्या मिरचीत दही आणि हिंग-मेथी-धणे एकत्र येतात, पण लगेच कडक उन्हात वाळवण घालतात. तिथे आंबवत ठेवायचं नसतंच. हिरव्या मिरचीचा देठ तेवढा दुधात टाकून विरजण नसताना दही लावतात, कारण त्या देठावरच ते जंतू असतात. जिथे जिवंत काम चालू आहे तिथे झणझणीत काही घालायचं नाही, काम झालं की घालायचं. हे कुणी लिहून ठेवलेलं मी पाहिलेलं नाही. पण आमच्या सासूबाईंनी माझ्या कणकेत बोट दाबून जे सांगितलं ते हेच होतं.

आता पोटाकडे. इथे मला एक कबुली द्यायची आहे, कारण २०२० च्या उन्हाळ्यात चूक आमच्याच घरात झाली. आयुष मंत्रालयाने तेव्हा काढा सुचवला होता: तुळस, दालचिनी, मिरी, सुंठ, मनुका, दिवसातून एकदा-दोनदा. भीती इतकी होती की आमच्याकडे तो दिवसातून चारदा व्हायला लागला. कुणी म्हणालं लवंग घाला, घातली. कुणी म्हणालं ओवा, तोही. सकाळी उपाशीपोटी कच्च्या लसणाच्या तीन पाकळ्या. सासरे तेव्हा ऐंशीच्या घरात. तीन आठवड्यांत त्यांच्या तोंडात फोड आले, छातीत जळजळ, जेवण तुटलं, पोट बिघडलं. डॉक्टरांनी फोनवरच सगळं बंद करायला सांगितलं आणि मऊ ताक-भातावर आणलं. दहा दिवसांत माणूस सावरला. त्यांच्या आतड्यातले चांगले जंतू काढ्याने मेले, असं मी म्हणणार नाही. तसं काही मी मोजलेलं नाही. जळलेली अन्ननलिका मात्र दिसत होती. ती भीती आठवली की आजही मला त्यांच्या तोंडापुढे धरलेला तो स्टीलचा पेला दिसतो आणि वाईट वाटतं.

आतड्याबद्दल जे कळलं आहे ते त्या मानाने धीर देणारं आहे. इस्रायलच्या वाइझमन संस्थेतल्या संशोधकांनी २०१६ मध्ये हिशेब मांडला की ७० किलोच्या माणसाच्या अंगात साधारण ३८ लाख कोटी जंतू असतात, बहुतेक मोठ्या आतड्यात. मसाल्यातली तीव्र तेलं, युजेनॉल काय, थायमॉल काय, वरच्या आतड्यातच बरीचशी शोषली जातात; मोठ्या आतड्यापर्यंत थोडीच उतरतात. हळदीतल्या कर्क्युमिनचं उलट आहे. ते अंगी फारसं लागतच नाही, खाली जातं आणि तिथले जंतू त्याचं रूपांतर करतात. २०११ मध्ये जपानी संशोधकांनी माणसाच्या आतड्यातल्या ई. कोलायमध्ये हे काम करणारं विकर शोधून काढलं. हळद जंतूंवर काय करते हे आपण विचारत बसलो होतो, आणि जंतू हळदीवर काम करत होते. लसणाचंही असंच: त्यातले फ्रुक्टन आपल्याला पचत नाहीत, ते खाली जाऊन बिफिडोबॅक्टेरिया या चांगल्या जंतूंचं अन्न होतात.

पेन स्टेट विद्यापीठातल्या एका गटाने २०२२ मध्ये ५४ प्रौढांवर केलेला अभ्यास छापला. चार-चार आठवडे जेवणातून मसाले द्यायचे, कधी दिवसाला अर्धा ग्रॅम, कधी ३.३, कधी ६.६ ग्रॅम. मधल्या आणि वरच्या मात्रेला आतड्यातली रुमिनोकॉकेसी कुळातली मंडळी वाढलेली दिसली. तंतुमय अन्न मोडून खाणारी ही मंडळी. जेवणातल्या मसाल्याने आतडं ओसाड पडतं असं काही त्यात दिसलं नाही. अमेरिकेतल्या माणसाला साडेसहा ग्रॅम म्हणजे भरपूर. आमच्या नाशिकच्या काळ्या मसाल्याच्या मिसळीत, तर्रीच्या दोन पळ्यांत, तेवढा सहज असेल.

काळ्या मसाल्याचा विषय निघालाच आहे तर एक भ्रम तिथलाही. दर फाल्गुनात मी रविवार कारंजावरून दहीपुलाकडे चालत जाते, यादी घेऊन: धणे, शहाजिरे, दगडफूल, नागकेशर, बाद्यान, जायपत्री, तमालपत्र, मसाला वेलदोडा, खडा हिंग. दगडफूल मला विशेष प्रिय. ते फूल नाहीच. बुरशी आणि शैवाल एकमेकांच्या आधाराने खडकावर, झाडाच्या सालीवर राहतात, तो संसार म्हणजे दगडफूल. जंतूंचं शत्रुत्व ज्या डब्यात आहे असं आपण म्हणतो, त्या डब्यात एक जिन्नस असा आहे जो दोन बारक्या जीवांच्या मैत्रीतून झालेला आहे.

तर भ्रम असा, की मसाला म्हणजे जंतूंपासून मुक्त, आणि मसालेदार पदार्थ बाहेर राहिला तरी बिघडत नाही. मसाल्याच्या दुकानात ज्याला आपण ताजी मिरी म्हणतो ती कुठेतरी अंगणात, चटईवर वाळलेली असते. तिच्या एका ग्रॅमवर लाखांच्या घरात जंतू सापडतात, त्यात बॅसिलस जंतूंचे बीजाणू, म्हणजे टणक कवचात झोपलेली रूपं, असतात आणि ते उकळीलाही मरत नाहीत. मिरीच्या अंगातलं तेल त्यांना मारू शकलं असतं तर ते तिथे राहिलेच नसते. रश्शात ते उकळून निघतात आणि रस्सा कोमट झाला की उठून वाढायला लागतात. म्हणून उरलेला रस्सा दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये, हे मी आता घरात सगळ्यांना ठामपणे सांगते. ‘मसाला आहे त्यात, काही होत नाही’ हे वाक्य मला चालत नाही. बीजाणूंसाठीच तर मसाल्यांवर गॅमा किरणांची प्रक्रिया करतात. त्यासाठीचं केंद्र वाशीला २००० मध्ये सुरू झालं. आपल्या लासलगावचं भाभा अणुसंशोधन केंद्राचं ‘कृषक’ २००२ मधलं, ते मुळात कांद्याला कोंब येऊ नयेत म्हणून. कांद्याला लागणारी मात्रा अगदी थोडी, मसाल्याला त्याच्या कितीतरी पट. इथेही मात्राच.

"आपल्या पूर्वजांनी जंतू मारायलाच मसाले वापरले" असं मोबाईलवर दर आठवड्याला कुणीतरी पाठवतं. हा विचार पोकळ नाही. जेनिफर बिलिंग आणि पॉल शर्मन यांनी १९९८ मध्ये ३६ देशांतल्या साडेचार हजारांहून अधिक पाककृती तपासून असं मांडलं होतं की उष्ण प्रदेशात मसाले जास्त, कारण तिथे अन्न लवकर नासतं. मलाही ते अनेक वर्षं पटत होतं. मग २०२१ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या लिंडेल ब्रॉमहॅम आणि सहकाऱ्यांनी ७० पाकपरंपरांतल्या ३३,७५० पाककृती घेऊन ते परत तपासलं, आणि तापमान वा रोगराई यांनी मसाल्यांचं प्रमाण ठरतं याला फारसा आधार मिळाला नाही. मला याचं वाईट वाटलं नाही. आमच्या आजीने मसाला जंतूंच्या भीतीने भाजला असं मला कधीच वाटलं नव्हतं. ती खोबरं भाजताना गुणगुणायची.

दिंडोरीजवळ माझ्या धाकट्या भावाची द्राक्षबाग आहे. तो वेलींच्या मुळाशी शेणखतात मुरवलेली ट्रायकोडर्मा देतो, मुळकुजीच्या बुरशीला खाणारी ही मित्रबुरशी. किडीसाठी लसूण-मिरचीचा अर्कही काढतो. मागच्या वर्षी मजूर कमी होते म्हणून त्याने दोन्ही एकाच पिंपात ओतून सोडलं. "दोन्ही सेंद्रियच ना ताई," म्हणाला. मी त्याला फोनवरच थांबवलं. ठेचलेल्या लसणाला मित्रबुरशी आणि शत्रूबुरशी यांतला फरक कळत नाही. सेंद्रिय हा शब्द आपल्या पिशवीवर असतो, बुरशीच्या कानावर तो पडत नाही. आता तो अर्क पानांवर मारतो आणि मित्रबुरशी काही दिवसांच्या अंतराने जमिनीत सोडतो.

पाव मी परत केला, लेक जायच्या आदल्या दिवशी. कणीक साधी मळली आणि फुगू दिली. फुगून दुप्पट झाल्यावर ती लाटली, लोणी लावलं, त्यावर साखर आणि दालचिनी पसरली, वळकटी केली, चकत्या कापल्या. यीस्टचं बहुतेक काम झालेलं होतं आणि दालचिनी थरात होती, पिठाच्या अंगात नव्हती. सासूबाईंनी परत बोट दाबलं. खळगा सावकाश भरून आला. त्या काही बोलल्या नाहीत, पण भाजून झाल्यावर एक चकती मागून घेतली.

मग उन्हाळा आला, कैऱ्या आल्या. सासूबाईंच्या हातात आता बत्ता धरवत नाही, म्हणून खल माझ्याकडे आणि त्या समोर खुर्चीत. शेजारच्या खोलीत दही लागत होतं. मी वाटीभर मोहरी कुटली, माठातलं पाणी चमचाभर घातलं, फिरवायला लागले. चिखल, पिवळा रंग, मग फिका, मग फेस. माझे डोळे भरून आले तेव्हाही मी फिरवत होते. त्यांनी खुर्चीतूनच मान वर करून हवेत वास घेतला.

"चढली," त्या म्हणाल्या. "आता लगेच मीठ-तेलात घाल आणि झाकण ठेव. उघडी ठेवलीस तर उडून जाईल."